झिंक, लेड, चांदी, तांबं एकाच खनिजात आलं, तर कुठला धातू किती मोलाचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. शिसं-जस्ताच्या एका प्रॉस्पेक्टवर (खाण होईल का हे अजून तपासलं जातंय अशा जागेवर) काम करणाऱ्या तरुण जिऑलॉजिस्टने विचारलंय की ड्रिलिंगच्या ॲसेची (नमुन्यात कुठला धातू किती ह्या लॅबच्या तपासणीची) सरासरी झिंक ५ टक्के, लेड २ टक्के, चांदी ८० ग्रॅम प्रति टन आणि तांबं ०.३ टक्का अशी आलीय, तर ह्यातला कुठला धातू किती महत्त्वाचा हे कसं ठरवायचं, ग्रेडला (खनिजातल्या धातूच्या प्रमाणाला) एलएमईच्या, म्हणजे लंडन मेटल एक्सचेंजच्या, भावाने गुणलं की झालं का, आणि साहेबांना सगळं मिळून एकच 'झिंक इक्विव्हॅलंट' आकडा (सगळ्या धातूंचं मोल झिंकच्या टक्क्यात) हवाय तो कसा काढायचा.

मी पंचवीसेक वर्षं हेच काम करतोय, आधी कोअर लॉगिंग (ड्रिलमधून निघालेल्या दगडाच्या कांडीची नोंद) आणि नंतर खाणीचं प्लॅनिंग, त्यामुळे जरा लांबण लागेल पण आकडे मांडूनच सांगतो, नुसतं तत्त्व सांगून हे डोक्यात बसत नाही.

आधी तुम्ही म्हणताय तो गुणाकारच करून बघू. भाव मी सोयीसाठी गोल धरतो, आजचे समजू नका: झिंक टनाला २,७०० डॉलर, लेड २,०००, तांबं ९,०००, चांदी औंसाला ३० डॉलर. हा औंस ट्रॉय औंस असतो, म्हणजे ३१.१०३५ ग्रॅम, किराणा मालाचा २८.३५ वाला नाही, ही चूक मी चांगल्या चांगल्या लोकांच्या एक्सेलमधे पाहिलीय. म्हणजे चांदी ग्रॅमला साधारण ०.९६ डॉलर. १ टक्का म्हणजे टनामागे १० किलो. मग एका टन खनिजात झिंक ५० किलो म्हणजे १३५ डॉलर, लेड २० किलो म्हणजे ४० डॉलर, चांदी ८० ग्रॅम म्हणजे ७७ डॉलर आणि तांबं ३ किलो म्हणजे २७ डॉलर. एकूण २७९. बघा, ८० ग्रॅम म्हणजे टक्केवारीत फक्त ०.००८, पण नुसत्या गुणाकारातसुद्धा ती लेडच्या जवळजवळ दुप्पट झाली, त्यामुळे टक्के बघून कुठला धातू मोठा हे कधीच ठरवू नका.

आता हा २७९ चा आकडा कुणालाही दाखवू नका. खाण कंपन्यांनी काय जाहीर करावं हे ठरवणाऱ्या कॅनडाच्या एनआय ४३-१०१ नियमात तर डिपॉझिटमधल्या किंवा ड्रिल होलमधल्या धातूची अशी ढोबळ किंमत जाहीर करायलाच मनाई आहे, आणि ते नियम ब्रे-एक्स कंपनीचा सोन्याच्या खोट्या नमुन्यांचा घोटाळा १९९७ मधे उघडा पडल्यानंतर, लोकांचे पैसे बुडाल्यावर आलेत. आपल्याकडचं उदाहरण म्हणजे फेब्रुवारी २०२० मधलं उत्तर प्रदेशातलं सोनभद्र. तीन हजार टनांहून जास्त सोनं सापडलं, इतके लाख कोटी रुपये, अशा बातम्या देशभर फिरल्या आणि मग जीएसआयला (भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाला) खुलासा करावा लागला की खनिज सुमारे ५२,८०६ टन आहे, सरासरी ग्रेड टनाला ३.०३ ग्रॅम आणि त्यात सोनं सगळं मिळून १६० किलोच्या आसपास. खनिजाचे टन वेगळे, धातूचे टन वेगळे आणि हातात येणारे पैसे त्याहून वेगळे, ह्या तीन गोष्टींची गल्लत झाली की असं होतं आणि गावातल्या लोकांच्या जिवाला उगाच घोर लागतो.

मग पैसे कशाचे येतात? तुम्ही धातू विकत नाही, तुम्ही कॉन्सन्ट्रेट विकता, म्हणजे खनिज दळून त्यातला धातूचा भाग वेगळा केलेली भुकटी. तेव्हा प्रत्येक धातूला विचारायचा पहिला प्रश्न म्हणजे, बाबा तू कुठल्या कॉन्सन्ट्रेटमधे जाणार आणि किती.

समजा फ्लोटेशनची (दळलेल्या खनिजातले हवे ते दाणे फेसाबरोबर तरंगवून वेगळे काढायची) टेस्ट झालीय आणि त्यात झिंकची रिकव्हरी, म्हणजे खनिजातल्या झिंकपैकी हाती येणारा वाटा, ८८ टक्के मिळतेय, कॉन्सन्ट्रेट ५२ टक्के झिंकचं. लेडची रिकव्हरी ८५ टक्के, कॉन्सन्ट्रेट ६० टक्के लेडचं. चांदीपैकी ६५ टक्के लेड कॉन्सन्ट्रेटमधे, १२ टक्के झिंक कॉन्सन्ट्रेटमधे, उरलेली टेलिंगमधे, म्हणजे टाकून द्यायच्या गाळात, गेली. तांब्याचं वेगळं कॉन्सन्ट्रेट ०.३ टक्क्यावर परवडत नाही म्हणून ते ह्या दोन्हीत विखुरलं. आता १,००० टन खनिजाचा हिशोब करा: झिंक ४४ टन मिळालं म्हणजे ८४.६ टन कॉन्सन्ट्रेट, लेड १७ टन म्हणजे २८.३ टन कॉन्सन्ट्रेट, आणि त्या २८.३ टनात ५२ किलो चांदी, म्हणजे टनाला तब्बल १,८३५ ग्रॅम. झिंक कॉन्सन्ट्रेटमधे मात्र टनाला ११३ ग्रॅमच.

इथून पुढे स्मेल्टरचा (कॉन्सन्ट्रेटमधून धातू काढणाऱ्या कारखान्याचा) करार लागतो, आणि कॉलेजमधे हा भाग कुणी शिकवत नाही म्हणून जरा सावकाश वाचा. स्मेल्टर सगळ्या धातूचे पैसे देत नाही. झिंकमधे साधारण पद्धत अशी की ८५ टक्के धातूचे पैसे मिळतात, पण कमीत कमी ८ युनिट (१ युनिट म्हणजे १ टक्का) कापलेच पाहिजेत, म्हणजे ५२ टक्क्यांच्या मालात ४४ टक्क्यांचेच पैसे. लेडला ९५ टक्के, किमान ३ युनिट कापून. लेड कॉन्सन्ट्रेटमधल्या चांदीला ९५ टक्के, किमान ५० ग्रॅम कापून. आणि झिंक कॉन्सन्ट्रेटमधल्या चांदीतून आधी ३ औंस म्हणजे ९३ ग्रॅम सरळ कापतात आणि उरलेल्याच्या ७० टक्क्यांचे पैसे देतात. करारागणिक थोडं इकडेतिकडे होतं, पण ठेवण हीच. म्हणजे आपल्या झिंक कॉन्सन्ट्रेटमधल्या ११३ ग्रॅमपैकी पैसे मिळाले १४ ग्रॅमचे! वरून ट्रीटमेंट चार्ज, म्हणजे स्मेल्टरची मजुरी, मी झिंकला कॉन्सन्ट्रेटच्या टनाला १५० डॉलर आणि लेडला १०० धरतो, चांदीला रिफायनिंगचा औंसाला १ डॉलर, आणि वाहतुकीचे टनाला ६० डॉलर, कॉन्सन्ट्रेटमधली ओल सध्या सोडून देऊ.

हे सगळं वजा करून एका टन खनिजामागे झिंकचे ८२.८ डॉलर हातात येतात, लेडचे २७.८, चांदीचे ४७.२ आणि तांब्याचे शून्य. एकूण १५७.७. ह्यालाच नेट स्मेल्टर रिटर्न म्हणतात, एनएसआर. २७९ मधले १२१ डॉलर वाटेतच गेले, आणि अजून खाणीचा, मिलचा, पगाराचा एक रुपयाही मोजलेला नाही.

आता धातूंचं एकमेकांतलं मोल काढणं सोपं आहे. ८२.८ ला ५ ने भागा, १ टक्का झिंक म्हणजे १६.५५ डॉलर. १ टक्का लेड १३.९ डॉलर, म्हणजे ०.८४ टक्का झिंक. १ ग्रॅम चांदी ०.५९ डॉलर, म्हणजे २८ ग्रॅम चांदी बरोबर १ टक्का झिंक. तुमचा झिंक इक्विव्हॅलंट झाला ५ अधिक १.६८ अधिक २.८६, म्हणजे ९.५ टक्के. नुसत्या गुणाकाराने तोच १०.३ आला असता. तुम्हाला वाटेल फरक फार नाही, पण कटऑफच्या (काढणं परवडेल अशा किमान ग्रेडच्या) आसपास खाणीच्या आराखड्यातले जे ब्लॉक असतात तिथे हा पाऊण-एक टक्काच ठरवतो की दगड मिलला जाणार का डंपवर.

पण ह्या आकड्यांवर लगेच विसंबू नका, कारण खरी गंमत आता आहे. वरती मी चांदीपैकी ६५ टक्के लेडबरोबर धरली, म्हणजे ती गॅलेनात (लेडच्या खनिजात) किंवा गॅलेनासोबत तरंगणाऱ्या टेट्राहेड्राइटसारख्या खनिजात आहे असं गृहीत धरलं. समजा तुमच्या डिपॉझिटमधे तसं नाही, बरीचशी चांदी स्फालेराइटला, म्हणजे झिंकच्या खनिजाला, चिकटून आहे आणि २० टक्केच लेडमधे गेली, ४५ टक्के झिंकमधे. ॲसे तोच ८० ग्रॅम, भाव तोच. हिशोब परत करा: लेड कॉन्सन्ट्रेटमधून १३.६ डॉलर आणि झिंकमधून १८.३ डॉलर, एकूण ३१.९. आधी ४७.२ होते. चांदीचं एक तृतीयांश मोल गेलं आणि १ टक्का झिंकची बरोबरी करायला आता २८ नाही तर ४१ ग्रॅम चांदी लागते. म्हणून मी नेहमी म्हणतो की इक्विव्हॅलंट काढायच्या आधी पॉलिश सेक्शन (घासून गुळगुळीत केलेला खनिजाचा तुकडा) बघा, चांदी कुठल्या खनिजात बसलीय हे मायक्रोस्कोपखाली किंवा प्रोबवर बघितल्याशिवाय तिला भाव लावणं म्हणजे अंधारात बोली लावणं.

आणखी एक, हे नातं सरळ रेषेत नसतं. वरच्याच पहिल्या उदाहरणात हेड ग्रेड (मिलला जाणाऱ्या खनिजातली चांदी) ८० ऐवजी ६० ग्रॅम घ्या, झिंक कॉन्सन्ट्रेटमधे चांदी ८५ ग्रॅमवर आली, ९३ च्या खाली, म्हणजे तिथले पैसे शून्य. एकच गुणक लावून सगळ्या डिपॉझिटवर फॉर्म्युला ओढला तर गरीब भागात चांदी उगाच फुगते आणि श्रीमंत भागात कमी दिसते. म्हणून खाण चालवणारी माणसं इक्विव्हॅलंटवर कमी आणि ब्लॉकगणिक एनएसआरवर जास्त विश्वास ठेवतात, मीसुद्धा.

माझी स्वतःची एक गोष्ट सांगतो, आजही मनाला लागते. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मध्य भारतातल्या एका झिंक-कॉपर प्रॉस्पेक्टवर होतो, कंपनीचं नाव महत्त्वाचं नाही. एक्सआरएफवर (क्ष-किरणांनी धातू मोजणाऱ्या यंत्रावर) झिंक छान दिसायचं, आम्ही सगळं झिंक धरून कॉपर इक्विव्हॅलंट काढला, प्रेझेंटेशन झालं, बजेट मंजूर झालं, ड्रिलिंगचे आणखी मीटर झाले. मग फ्लोटेशनची टेस्ट आली तर निम्म्याहून थोडंसंच जास्त झिंक वर येत होतं, कितीही रिएजंट बदला. बाकीचं झिंक गाहनाइटमधे होतं. गाहनाइट म्हणजे झिंकचं स्पिनेल, कठीण, ॲसिडला दाद न देणारं, सल्फाइडच्या फ्लोटेशनमधे ते येतच नाही आणि आलं तरी स्मेल्टरच्या कामाचं नाही. मध्य प्रदेशातल्या बैतूलच्या पट्ट्यात हे खनिज भरपूर मिळतं हे पुस्तकात होतं. आणि ते हिरवट काळे दाणे कोअर लॉग करताना मी स्वतःच्या हाताने लिहिले होते, पण लिहिलेलं लॉगमधेच राहिलं, ॲसेच्या शीटपर्यंत पोचलं नाही. तेव्हापासून सल्फाइडमधलं झिंक वेगळं आणि एकूण झिंक वेगळं असे दोन ॲसे मागितल्याशिवाय मी पुढे जात नाही. तांब्याचंही तसंच, मॅलकाइट-क्रिसोकोला (सल्फाइड नसलेली तांब्याची खनिजं) वेगळं मोजा, निकेलचं तर विचारूच नका, ऑलिव्हिनमधलं निकेल ॲसेमधे दिसतं आणि मिलमधे नाहीसं होतं, पेंटलँडाइट ह्या सल्फाइडमधलं तेवढं खरं.

तुमच्या ०.३ टक्के तांब्याबद्दल. त्याला मी शून्य दिलं म्हणून वाईट वाटून घेऊ नका, हेच ०.३ टक्के एखाद्या मोठ्या पोर्फिरीच्या (तांबं विखुरलेल्या प्रचंड खडकाच्या) ओपन पिटमधे असतं तर त्यावर अख्खी खाण चालते, कारण तिथे सगळी मिल तांब्यासाठीच बांधलेली असते. तुमच्याकडे ते पाहुणं आहे. उलट ते तांबं कोव्हेलाइट-चाल्कोसाइटसारख्या दुय्यम खनिजात असेल तर नुकसानच करू शकतं, दळताना तांब्याचे आयन पाण्यात सुटतात, स्फालेराइटच्या दाण्यावर बसतात आणि झिंक लेडच्याच टाकीत तरंगायला लागतं, आणि लेड कॉन्सन्ट्रेटमधे गेलेल्या झिंकचे पैसे सहसा मिळत नाहीत. म्हणजे कागदावर २७ डॉलरचं तांबं झिंकचे पैसे खाऊन जातं. आर्सेनिक, मर्क्युरी, बिस्मथ ह्यांच्यासाठी पेनल्टी असते ती वेगळीच. हो, आणि ग्राफाइट, राजस्थानातल्या रामपुरा अगुचा खाणीच्या खडकात ग्राफाइट आहे आणि ते आपणहून तरंगतं, त्यामुळे ते आधी काढून टाकायची सोय करावी लागते. असल्या गोष्टी ॲसे शीटवर कधीच दिसत नाहीत.

गिऱ्हाईक कोण ह्यावरही बरंच अवलंबून. वरचा सगळा हिशोब बाहेरच्या स्मेल्टरला माल विकणाऱ्या खाणीचा आहे. हिंदुस्थान झिंकसारख्या कंपनीचे चंदेरिया, दरिबा, देबारीला स्वतःचे स्मेल्टर आणि पंतनगरला चांदीची रिफायनरी, तिथे स्मेल्टर जे कापून घेतो ते घरातच राहतं, वर सल्फ्युरिक ॲसिडही विकलं जातं, त्यामुळे तोच दगड त्यांच्यासाठी जास्त मोलाचा. चंदेरियाला तर आयएसपी फर्नेसही होती, जी लेड आणि झिंकचा एकत्र माल घेते, अशा भट्टीसाठी 'चुकीच्या' कॉन्सन्ट्रेटमधे गेलेलं झिंक वाया जात नाही.

आणि काळ. ऑस्ट्रेलियातल्या ब्रोकन हिलला १८८३ मधे चार्ल्स रॅस्पने जागा धरली तेव्हा त्याला वाटलं हे टिन आहे. निघाली चांदी आणि लेड. झिंक वेगळं काढता येईना म्हणून वर्षानुवर्षं ते टेलिंगच्या ढिगात गेलं, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्लोटेशन तिथेच विकसित झाल्यावर त्याच ढिगांतून झिंक काढलं गेलं. धातू तोच, फक्त काढायची रीत आली.

भावाचं म्हणाल तर लोक एलएमईचा भाव रोज बघतात आणि ट्रीटमेंट चार्ज विसरतात. झिंकच्या ट्रीटमेंट चार्जचा वार्षिक बेंचमार्क २०२३ मधे टनाला २७४ डॉलर होता, २०२४ मधे १६५, २०२५ मधे ८०. आपल्या उदाहरणात बाकी काहीही न बदलता नुसतं २७४ वरून ८० वर आलं तर झिंकचे हातात येणारे पैसे टन खनिजामागे सुमारे ७२ वरून ८९ डॉलर होतात. म्हणजे झिंकचा एलएमई भाव जागचा न हलता झिंक चांदीच्या तुलनेत महाग झालं. तांब्याचा बेंचमार्क तर २०२४ मधल्या ८० वरून २०२५ मधे २१.२५ वर आला. आणि ज्यांच्या डिपॉझिटमधे पॅलेडियम-रोडियमसारखे धातू आहेत त्यांचं बघा, पॅलेडियम मार्च २०२२ मधे औंसाला ३,००० डॉलरच्या वर गेलं आणि २०२३ संपताना हजाराच्या आसपास होतं. त्या शिखराचा भाव धरून कुणी इक्विव्हॅलंट काढला असेल तर त्या आकड्याला काय अर्थ राहिला? मार्च २०२२ मधलं निकेल आठवतं ना, ८ तारखेला एका दिवसात १,००,००० डॉलरच्या वर गेलं आणि एलएमईने ते सौदेच रद्द केले. म्हणून आजचा भाव धरू नका, दोन-तीन वर्षांची सरासरी आणि लांब पल्ल्याचा अंदाज दोन्ही लावून बघा आणि क्रम बदलतो का ते तपासा.

आपल्याकडे रॉयल्टीसुद्धा धातूंचा क्रम हलवते, हे बाहेरच्या पुस्तकात सापडणार नाही. २०१४ मधे सुधारलेल्या दरांप्रमाणे कॉन्सन्ट्रेटमधल्या झिंकवर एलएमईच्या १० टक्के, लेडवर १४.५ टक्के, बायप्रॉडक्ट चांदीवर ७ टक्के. आणि झिंक-लेडची ही रॉयल्टी पूर्ण एलएमई भावावर, कॉन्सन्ट्रेटमधल्या सगळ्या धातूवर (चांदीची प्रत्यक्ष निघालेल्या चांदीवर, इथे मी तीही कॉन्सन्ट्रेटमधली सगळी धरलीय), स्मेल्टरने तुम्हाला किती दिले ह्याच्याशी तिला घेणंदेणं नाही. वरच्या उदाहरणात झिंकचे ११.९ डॉलर जातात, लेडचे ४.९, चांदीचे ४.२. हाती आलेल्या पैशाच्या मानाने बघितलं तर लेडचा सगळ्यात मोठा हिस्सा जातो, जवळजवळ १८ टक्के, झिंकचा १४ आणि चांदीचा ९. रॉयल्टी वजा केली तर १ टक्का लेड ०.८१ टक्का झिंकवर येतं आणि १ टक्का झिंकला २६ ग्रॅम चांदी पुरते. त्यावर डीएमएफ (खाणीच्या जिल्ह्यासाठीचा निधी), आणि लिलावातली लीज असेल तर प्रीमियम, तो तर प्रत्येक ब्लॉकचा वेगळा.

कॅडमियम, जर्मेनियम, इंडियम हे स्फालेराइटमधे बसतात आणि कॉन्सन्ट्रेटबरोबर स्मेल्टरला जातात, तो ते काढून विकतोही, पण खाणीला त्याचे पैसे बहुतेक वेळा मिळत नाहीत. करारात लिहून घेतलं असेल तरच मोजा, नाहीतर सध्या 'क्रिटिकल मिनरल' म्हणून कितीही गाजावाजा असला तरी तुमच्या हिशोबात शून्य. रेअर अर्थवाल्यांची 'बास्केट प्राइस' (सगळ्या रेअर अर्थची मिळून सरासरी किंमत) पण जपून वाचा, बॅस्टनेसाइटच्या खनिजात वजनाने बहुतेक सिरियम-लॅन्थॅनम असतं आणि पैसे बहुतेक निओडिमियम-प्रासिओडिमियमचे.

आता साहेबांना काय द्यायचं. एकटा ९.५ टक्के लिहून देऊ नका. ऑस्ट्रेलियातल्या जॉर्क कोडप्रमाणे (खनिजसाठे जाहीर करायच्या नियमांप्रमाणे) इक्विव्हॅलंटमधे धरलेल्या सगळ्या धातूंचे वेगवेगळे ग्रेड, धरलेले भाव, धरलेली रिकव्हरी आणि ती कशावरून धरली, आणि वापरलेला फॉर्म्युला हे सगळं इक्विव्हॅलंटसोबत द्यावं लागतं, आणि ज्या धातूचा वाटा सगळ्यात मोठा त्याच्याच नावाने इक्विव्हॅलंट काढावा. तुमच्याकडे झिंकचा वाटा ५२ टक्के आहे म्हणून झिंक बरोबर आहे. चांदीचे भाव चढलेत म्हणून कुणी 'सिल्व्हर इक्विव्हॅलंट' करून २७० ग्रॅमच्या घरातला आकडा मागेल, ऐकायला तो फार भारी वाटतो, नम्रपणे नाही म्हणा. तांबं त्यात घालू नका, ते वसूल होऊन विकलं जाईल असं दाखवणारी टेस्ट तुमच्याकडे नाही.

टेस्टच झालेली नसेल तर इक्विव्हॅलंट थांबवा आणि आधी नमुने पाठवा. वरचा ऑक्सिडाइज झालेला भाग, मधला आणि खालचा ताजा सल्फाइड असे तीन वेगळे कंपोझिट (प्रत्येक भागातले नमुने मिळून एक) करा, हे तीन एकमेकांत मिसळू नका, प्रत्येकाची लॉक्ड सायकल टेस्ट (मधला माल परत परत फिरवून मिलसारखी चालवलेली फ्लोटेशन टेस्ट) करून घ्या आणि लॅबला सांगा की दोन्ही कॉन्सन्ट्रेटमधली आणि टेलिंगमधली चांदी वेगवेगळी मोजून द्या, बऱ्याच लॅब न सांगता फक्त झिंक-लेड देतात. तो रिपोर्ट आला की माझे वरचे ६५ आणि १२ टक्के खोडून तिथे तुमचे आकडे घाला, बाकीचं शीट तसंच चालेल.